नव्या घरातली ओल, भेगा आणि बिल्डर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा दुसरा पंधरवडा लागला की माझ्या फोनवर भिंतींचे फोटो यायला लागतात. खिडकीखालचा ओला डाग, छताचे सुटलेले पोपडे, बीमच्या कडेने गेलेली चीर. मी पेशाने सिव्हिल इंजिनीअर. बरीच वर्षं साइटवर काढली, आता ताबा मिळालेल्या कुटुंबांना कागदपत्रं लावायला मदत करतो. लोक त्याच त्या शंका विचारतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. रक्कम मोठी असेल किंवा करारनाम्यात काही निराळं कलम दिसलं, तर वकिलाला जरूर दाखवा.

१. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर किती वर्षं असते?

पाच वर्षं. रेरा कायद्याचं (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा कायदा) कलम १४(३) पाठ करून ठेवण्यासारखं आहे. इमारतीच्या सांगाड्यात, कामाच्या दर्जात किंवा पुरवलेल्या सेवांमध्ये दोष निघाला आणि तो ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा. केला नाही तर तुम्हाला भरपाई मागता येते.

करारनाम्यात 'दोष दायित्व कालावधी १ वर्ष' असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. कायद्याने दिलेला कालावधी करारनाम्याने कमी करता येत नाही. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखाली महाराष्ट्रासाठी नेमलेल्या प्राधिकरणाच्या, नमुना करारनाम्यातही ५ वर्षंच आहेत आणि ते कलम बदलायची मुभा बिल्डरला नाही.

२. ही पाच वर्षं कधीपासून मोजायची? ओसीपासून (भोगवटा प्रमाणपत्रापासून), ताब्यापासून की रजिस्ट्रेशनपासून?

ताबा दिल्याच्या तारखेपासून. म्हणून ताबापत्राची प्रत जपून ठेवा. एकाच मजल्यावरच्या दोन घरांची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपू शकते. शेजाऱ्याची मुदत संपली म्हणून तुमचीही संपली, असं धरून चालू नका.

३. दोष म्हणजे नक्की काय? प्लास्टरवरच्या बारीक चिरा त्यात येतात का?

इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. प्लास्टर सुकताना केसासारख्या चिरा पडतातच, त्या रंगाच्या पुढच्या हाताला बुजतात. बऱ्याच करारनाम्यांत तर एक वाक्य हमखास सापडतं की तापमानात २० अंशांहून जास्त फरक पडल्यामुळे भिंतींवर आलेल्या बारीक चिरा दोषात धरल्या जाणार नाहीत. पण ते वाक्य शेवटपर्यंत वाचा. बहुतेक ठिकाणी आरसीसी, म्हणजे सळई-काँक्रीटचा, सांगाडा त्यातून वगळलेला असतो. म्हणजे बीम, कॉलम किंवा स्लॅबला चीर असेल तर हे वाक्य बिल्डरच्या कामाचं नाही.

विटांची किंवा ब्लॉकची भिंत जिथे बीमला किंवा कॉलमला भिडते, तिथे सरळ रेषेत लांब चीर दिसली तर त्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी, म्हणजे चिकन मेश, मारली नसण्याची शक्यता मोठी. हा कामाच्या दर्जातला दोष आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली आणि दर महिन्याला रुंदावणारी चीर मात्र लगेच स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. चीर रुंदावते की नाही हे घरीच कळतं. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा, शेजारी तारीख लिहा, पट्टी लावून फोटो काढा. तीन आठवड्यांनी पुन्हा तसाच फोटो काढा.

फरशीखाली पोकळी आहे का हे पाहायला नाण्याने किंवा चावीने टकटक करा. भरीव फरशीचा आवाज दबका येतो, पोकळ फरशी मडक्यासारखी वाजते. अशा फरश्यांवर खडूने फुली मारा आणि सगळी खोली दिसेल असा एकच फोटो घ्या.

यांखेरीज दाब नसलेलं पाणी, उलट्या उताराचं बाथरूम, वारंवार बंद पडणारी लिफ्ट, करारनाम्यातल्या कंपनीऐवजी हलक्या कंपनीचे नळ, हेही कलम १४(३) मध्ये बसतं. दारं-खिडक्या घासतात म्हणून तक्रार केली तर लोक हसतात, पण तीही करा.

४. ओल नक्की कुठून येते हे कसं ओळखायचं?

आधी वेळ बघा. ओल फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा गच्ची. बारा महिने येत असेल तर नळ, ड्रेनेज किंवा बाथरूमचं वॉटरप्रूफिंग.

बाथरूमची खात्री करायला साधी चाचणी आहे. फ्लोअर ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, कापडाने घट्ट बंद करायचा, फरशीवर दोन बोटं पाणी साठवायचं, त्यात रंग मिसळायचा आणि एक दिवस तसंच ठेवायचं. खालच्या घराच्या छताला रंगीत डाग उमटला तर बाथरूमच्या स्लॅबचं वॉटरप्रूफिंग गेलेलं आहे. डाग आला नाही, पण अंघोळीनंतर गळतं, तर पाइपच्या सांध्याकडे बघा. खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगून, त्यांच्या देखतच हे करा. नंतर तेच तुमचे साक्षीदार ठरतात.

भिंतीवर पांढरी भुकटी आली तर ते क्षार. आतून पाणी फिरल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. पुसून टाकण्याआधी फोटो काढा.

५. साइटवर तोंडी सांगितलंय, व्हॉट्सअ‍ॅपही केलाय. तेवढं पुरेल का?

पुरेल असं धरून चालू नका. कायदा 'नजरेस आणून दिलं का' एवढंच विचारतो, पण ते कधी आणि काय सांगितलं हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते. सगळ्या प्रकरणाचा कणा तेवढाच आहे.

हे मी स्वतः भोगलं आहे. आमच्या घराचा ताबा मिळाला आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर हाताएवढा डाग उमटला. साइटवरचा सुपरवायझर ओळखीचा, सज्जन. दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला, पुट्टी भरली, रंग मारला. मी आभार मानले आणि एक ओळही लिहून घेतली नाही. पुढच्या जुलैत डाग पलंगाच्या उशाशी आला. तोवर सुपरवायझर नोकरी सोडून गेला होता आणि ऑफिसातल्या नव्या मुलीने रजिस्टर चाळून सांगितलं, "काका, तुमच्या फ्लॅटची एकही तक्रार नोंदलेली नाही." त्या दिवसापासून मी प्रत्येकाला एकच सांगतो : आधी कागद, मग मिस्त्री.

पत्र लांबलचक नको. एवढं पुरे :

"विषय : सदनिका क्रमांक … मधील बांधकाम दोष, रेरा कायदा कलम १४(३) अन्वये सूचना. सदर सदनिकेचा ताबा मला दिनांक … रोजी मिळाला. सदनिकेत पुढील दोष आढळले आहेत : (खोली, जागा, आकार, प्रथम दिसल्याची तारीख). छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हे दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावेत, तसेच दुरुस्तीआधी कामाची पद्धत लेखी कळवावी."

हे पत्र करारनाम्यात दिलेल्या पत्त्यावर नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच ईमेलही करा. पोस्टाची पावती, पोचपावती आणि ईमेल एका फाइलला लावा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेशही ठेवा, जोड म्हणून ते उपयोगी पडतात.

६. बिल्डर दरवेळी माणूस पाठवून रंग मारून जातो. पुन्हा ओल येते. आता काय?

रंग मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. डाग झाकला गेला, पाणी आतच फिरतंय. प्रत्येक भेटीनंतर दोन ओळींचा ईमेल टाका : "आज दिनांक … रोजी आपला माणूस आला, अमुक काम केलं, बाहेरच्या बाजूला काहीही केलं नाही." आणि डाग परत आला की त्याच धाग्यात फोटो जोडा.

मिस्त्री 'काम समाधानकारक' अशा कागदावर सही मागतो. पावसाळ्याआधी तशी सही देऊ नका. "काम झाले. खात्री पावसाळ्यानंतर" असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करा.

७. मी स्वतः दुरुस्ती करून खर्च बिल्डरकडून मागू का?

मागता येतो, पण घाई केली तर पुरावाच नाहीसा होतो. आधी प्रश्न ५ मधली नोटीस द्या आणि ३० दिवस जाऊ द्या. मग स्वतंत्र इंजिनीअरकडून फोटोसह अहवाल घ्या, निदान दोन ठेकेदारांचे लेखी दर मिळवा, आणि कामाला कधी हात घालणार ते बिल्डरला कळवा. त्यानंतरच काम सुरू करा. पैसे बँकेतून द्या, पक्कं बिल घ्या.

पाणी विजेच्या बोर्डात शिरत असेल किंवा छताचे तुकडे पडत असतील तर ३० दिवस थांबायचं कारण नाही. जीव आधी. व्हिडिओ काढा, त्याच दिवशी ईमेल करा, काम करून घ्या. सांगाडाच धोक्यात असेल तर महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या इमारत विभागालाही लेखी कळवा.

८. महारेराकडे तक्रार कशी करायची?

महारेराच्या संकेतस्थळावर, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून. शुल्क ५,००० रुपये. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

काय मागायचं ते नीट ठरवा. दोष दुरुस्त करण्याचा आदेश प्राधिकरण देतं. भरपाईची रक्कम ठरवण्याचं काम मात्र कलम ७१ खाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याचं आहे आणि त्याचा अर्जही वेगळा असतो. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात ही विभागणी स्पष्ट केली. लोक दोन्ही मागण्या एकाच अर्जात कोंबतात आणि तारखा वाया घालवतात.

जोडायचे कागद : नोंदणीकृत करारनामा, ताबापत्र, नोटीस व पोच, तारखेसह फोटो, इंजिनीअरचा अहवाल, दुरुस्तीचे दर. प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशे आणि प्रकल्पाच्या वास्तुविशारदाचं, अभियंत्याचं नाव मिळतं. नकाशात दाखवलेला डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी मोकळी जागा) जागेवर नसेल तर तिथेच उघड होतं.

९. महारेरा बरं की ग्राहक आयोग?

दोन्ही दारं उघडी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात सांगितलं की रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नका.

माझं मत विचाराल तर, प्रकल्प नोंदणीकृत आहे, ताब्याला ५ वर्षं झालेली नाहीत आणि तुम्हाला मुख्यतः दुरुस्तीच हवी आहे, तर महारेरा. मनस्ताप, भाड्याने राहण्याचा खर्च, सेवेतली त्रुटी असं सगळं एकत्र मांडायचं असेल किंवा प्रकल्प रेरात येतच नसेल, तर ग्राहक आयोग. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीची सक्ती नाही. लहान गावांतल्या कितीतरी इमारती अशाच आहेत.

ग्राहक आयोगात तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं असतं. घरासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. फ्लॅट पनवेलला आणि तुम्ही नोकरीसाठी नागपुरात असाल तर याचा फार आधार होतो.

करारनाम्यात लवादाचं कलम आहे म्हणून आयोगात जाता येत नाही, असं बिल्डरचा वकील म्हणेल. तसं नाही.

१०. भांडण न वाढवता मिटवायचा मार्ग आहे का?

आहे, आणि तो आधी करून बघावा असं मला मनापासून वाटतं. महारेराने २०१८ मध्ये सलोखा मंच सुरू केला. तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डर संघटनेचा प्रतिनिधी समोरासमोर बसवून तोडगा काढतात. दोन्ही बाजूंची संमती लागते.

तोडगा निघाला तर तो लिहिताना हात आखडू नका. 'बिल्डर गळती दुरुस्त करेल' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर चौथ्या ते सहाव्या मजल्यापर्यंत काढून, सांध्यांवर जाळी मारून, नवं प्लास्टर व रंग, अमुक तारखेपर्यंत, पुढचे दोन पावसाळे हमी' असं लिहून घ्या.

११. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळतं. जबाबदार कोण? शेजारी, सोसायटी की बिल्डर?

ताब्यापासून ५ वर्षांच्या आत आणि कारण मूळ वॉटरप्रूफिंग किंवा प्लंबिंग असेल तर बिल्डर. वरच्यांशी भांडू नका, त्यांना सोबत घ्या. नोटीस दोघांच्या सहीने गेली तर जास्त जोर येतो. वरच्यांनी फरशी बदलली, कमोड हलवला, तर मात्र दोष त्यांच्याकडे जाऊ शकतो (प्रश्न १५).

५ वर्षांनंतर सोसायटीचे आदर्श उपविधी, म्हणजे कारभाराचे नमुना नियम, लागू पडतात. सदस्याच्या संडास-बाथरूम-सिंकमधली गळती त्याच्या खर्चाने, तर पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते.

१२. गच्ची, बाहेरच्या भिंती, पार्किंगचा स्लॅब यांची तक्रार कोणी करायची?

सोसायटीने. खरेदीदारांच्या संघटनेला रेराखाली तक्रार करता येते. सर्वसाधारण सभेत किंवा समितीत ठराव करा, एका पदाधिकाऱ्याला अधिकार द्या. सोसायटी अजून झालीच नसेल तर थांबू नका, खरेदीदार एकत्र येऊन आपापल्या नावाने नोटीस देऊ शकतात.

सोसायटीचा कारभार हाती घेताना गच्चीवर पाणी साठवून चाचणी घ्या, लिफ्ट आणि पंपांची हमीपत्रं व देखभालीचे करार मागून घ्या. हे काम मे महिन्यात केलं तर जूनमध्ये पश्चात्तापाची वेळ येत नाही.

१३. मी रिसेलमध्ये फ्लॅट घेतला. मला हक्क आहे का?

आहे. पुढे विक्रीने किंवा हस्तांतराने घर घेणाराही रेराच्या व्याख्येत येतो. भाडेकरू येत नाही. मुदत मात्र पहिल्या ताब्यापासून मोजली जाईल असं धरून चाला आणि विकणाऱ्याकडून मूळ ताबापत्र व त्याचा जुना पत्रव्यवहार मागून घ्या.

१४. किल्ली घेताना 'माझी कोणतीही तक्रार नाही' यावर सही केली. आता अडकलो का?

नाही. भिंतीतली ओल पाऊस पडल्याशिवाय दिसत नाही, ती त्या दिवशी माहीत असण्याचा प्रश्नच नाही. पाच वर्षांची मुदत देण्यामागचा हेतू तोच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये आरिफुर रहमान खान विरुद्ध डीएलएफ सदर्न होम्स या प्रकरणात, ताबा हवा असेल तर दावे सोडा अशी अट घालणं अवाजवी ठरवलं. ते प्रकरण ताब्याच्या विलंबाचं होतं, तरी युक्तिवाद कामाला येतो.

अजून सही केली नसेल तर यादी घेऊन घर बघा आणि दोष ताबापत्रावरच लिहा.

१५. 'तुम्ही आतमध्ये तोडफोड केली, म्हणून आमची जबाबदारी संपली' असं बिल्डर म्हणतो.

अनेक करारनाम्यांत तसं कलम असतं. पण हॉलमध्ये फॉल्स सीलिंग केलं म्हणून बाथरूमच्या गळतीची जबाबदारी जात नाही. तुमच्या बदलामुळेच तो दोष आला का, एवढाच प्रश्न. स्वतंत्र इंजिनीअरच्या अहवालात हे वाक्य स्पष्ट लिहून घ्या. फर्निचरचं काम सुरू करण्याआधी रिकाम्या घराचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवावा. बीम-कॉलमला मात्र ड्रिलसुद्धा विचारून लावा.

१६. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास झाला. जुन्या सदस्यांना हीच पाच वर्षं मिळतात का?

इथे फसगत होते. नव्या खरेदीदारांनी पैसे देऊन घर घेतलेलं असतं, त्यांना रेरा सरळ लागू होतं. जुन्या सदस्यांचा हक्क मुख्यतः विकसन करारनाम्यावर टांगलेला असतो. त्यात दोष दायित्व किती वर्षांचं आणि बँक गॅरंटी कधी सुटणार, हे लिहिलेलं नसेल तर पुढे हात चोळत बसावं लागतं. करारनामा अजून व्हायचा असेल तर ५ वर्षं लिहून घ्या आणि गॅरंटीचा एक हिस्सा ताब्यानंतर दोन पावसाळे होईपर्यंत सोडू नका.

१७. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बंगला बांधला. रेरात जाता येईल?

नाही, तिथे तुम्ही खरेदीदार नाही. ग्राहक आयोग आणि करार हेच मार्ग. करारात सिमेंटचा आणि सळईचा प्रकार, वॉटरप्रूफिंगची पद्धत, हमीची वर्षं लिहा, आणि बिलाचा काही हिस्सा पहिला पावसाळा होईपर्यंत राखून ठेवा. कोकणात तर हा हिस्सा राखल्याशिवाय काम देऊच नये.

१८. पाच वर्षं उलटून गेली. सगळं संपलं का?

पाच वर्षांच्या आत लेखी कळवलं असेल तर तुमची बाजू उभी आहे. म्हणूनच ताब्याच्या साडेचार वर्षांनी सगळ्या घराची एकदा तपासणी करून उरलेसुरले दोष एका पत्रात कळवावेत. काहीच कळवलं नसेल तर मार्ग अरुंद होतो. पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्रच नसेल तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०२२ मध्ये समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते न मिळवणं ही सतत चालू राहणारी चूक मानली. जमिनीच्या मालकी हक्कातच दोष निघाला तर रेराच्या कलम १८(२) खाली भरपाईला मुदतीची आडकाठी नाही.

१९. निकाल आमच्या बाजूने लागला, बिल्डर पैसेच देत नाही.

महारेराने ठरवलेली रक्कम कलम ४०(१) खाली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. महारेरा वसुली वॉरंट काढतं, जिल्हाधिकारी कार्यालय ते राबवतं. वॉरंट निघाल्यावर तहसील कार्यालयात जाऊन पाठपुरावा करावाच लागतो. बिल्डरच्या न विकलेल्या फ्लॅटची माहिती प्रकल्पाच्या पानावरून काढून द्या, काम सरकतं.

तो ६० दिवसांत अपील करू शकतो. पण भरपाईच्या आदेशाविरुद्ध अपिलाची सुनावणी व्हायची तर आधी व्याजासह सगळी रक्कम भरावी लागते.

२०. बिल्डरची कंपनी दिवाळखोरीत गेली तर?

राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की कंपनीविरुद्धच्या इतर कारवाया थांबतात. जाहीर सूचनेतल्या तारखेच्या आत, दिवाळखोरीची प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे दावा नोंदवा, दोषदुरुस्तीचा खर्चही त्यात लिहा.

२१. निषेध म्हणून बँकेचे हप्ते थांबवले तर?

थांबवू नका. कर्ज तुमचं आणि बँकेचं आहे, नुकसान तुमचंच होईल.

२२. आम्ही परदेशात राहतो, फ्लॅट पुण्यात बंद आहे. काय करावं?

बंद घरातली ओल कोणाला दिसत नाही आणि मुदत मात्र चालत राहते. जवळच्या नातेवाइकाला तक्रार करणं, सुनावणीला हजर राहणं, तडजोड करणं या तिन्हींचा स्पष्ट उल्लेख असलेलं कुलमुखत्यारपत्र द्या. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इथे मुद्रांक भरून घ्यावं लागतं. नोटीस तुम्ही स्वतःच्या ईमेलवरून पाठवू शकता. आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदा तरी कोणाला तरी पाठवून पश्चिमेच्या भिंती, खिडक्यांच्या कडा आणि बाथरूमच्या मागची भिंत यांचे फोटो मागवा.